जुनेर

टेम्पो भरून गेला आन् भरूनच माघारी आला.

बिरुबाच्या देवळाम्होरं गाडी थांबवली तवा आप्पासोला वाटलं, हितंच चाकामागं बसून ऱ्हावं, उतरूच नये. मंडपात समद्या बाया बसल्या हुत्या. आज कुनाच्याच हातात दाभण न्हवती. वाकळा पलूसकडं पोचल्या का, कुनी कुठली उचलली, कोन काय म्हनलं, एवढंच ऐकायला आल्या हुत्या. आन् समद्यांच्या म्होरं त्याची कारभारीन, मंगल. डोक्याला तेल लावून, घडीचं पाताळ नेसून.

ताडपत्रीखाली ढीग जसा बांधला तसा. दोरीची गाठ मंगलनंच मारली हुती, ती बी तशीच.

"आवं, उतरा की," मंगल म्हनली. "बुडाला डिंक लागलाय व्हय?"

आप्पासो उतरला. पल्याडच्या दारानं त्याची धाकटी भन दगडाबाई उतरली. तिला किस्नंकाठच्या गावात दिल्याली, पलूसच्या अंगाला. वाकळा तिच्याच गावाला गेल्या हुत्या, पुरानं धुऊन न्हेलेल्या घरांसाठनं. ती आज माहेराला यायची न्हवतीच. वन्संला बघितलं आन् मंगल दोन पावलं म्होरं आली.

"घेतल्या न्हाईत," आप्पासो म्हनला.

"काय घेतल्या न्हाईत?"

"वाकळा."

"का? ठिवायला जागा न्हवती?"

आप्पासोनं टोपी काढली, मांडीवर झटकली, परत घातली. "बाया म्हनल्या, आमाला कुनाचं जुनेर नगं."



जुनेर म्हंजे नेसून नेसून मऊ पडलेलं लुगडं. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात ह्या शब्दाला लय मान. लेकरू जन्मलं की आधी आजीच्या जुनेरात घ्यायचं. नवं कापड टोचतंय, आन् त्याला मानसाचा वास नसतोय. वाकळ शिवायची ती बी घरच्याच जुनेराची. कुनी बाजारातनं नवं कापड आनून वाकळ शिवली तर लोक इचारतील, ह्या घरात मानसं न्हवती व्हय? म्हनून तर बायांनी मंडळ काढलं तवा नाव काय ठिवायचं ह्यावर एक मिनिट बी वाद झाला न्हाई. जुनेर मंडळ. बास.

मंडळ म्हंजे तरी काय, दुपारच्याला मंडपात बसायचं, शिवायचं, बोलायचं. कुनाचा नवरा मुंबईला जाऊन तिकडचाच झालेला, कुनाची सून भांडून गेलेली. ज्याला गरज असंल त्याला वाकळ द्यायची. आन् खरं बघितलं तर शिवनारीलाच गरज जास्त. मंगलचा थोरला इस्वजित मुंबईत बांधकामावरनं पडून गेला, त्या सालाचं मी आता उगाळत न्हाई. ती जेवायची न्हाई, झोपायची न्हाई, भितीकडं तोंड करून पडायची. सासूनं, रंगुबाईनं, तिच्या हातात दाभण दिली आन् म्हनली, झोप येत न्हाई तर जागंपनी कायतरी जोड. तितनं ही बैठक सुरू झाली.

"कोन म्हनली?" मंगलनं इचारलं. "जुनेर नगं, असं पहिलं कोन म्हनली?"

"एक हाय प्रांजल म्हनून. पोरसवदाच सून हाय. तोंडाची तिखट," आप्पासो म्हनला.

"आन् वन्सं, तुमी तवा कुठं हुता?"

दगडाबाईनं पदर खांद्यावर घट्ट घेतला. "तिथंच हुते, वैनी."

"मग बोलला न्हाई?"

"बोलले की." दगडाबाईनं मान वर केली. "आप्पा, गाडी फिरवा, असं म्हनले. फिरवा म्हननारी मीच."

---

च्या झाला. कुनी घेतला, कुनाचा तसाच निवला. मंडपातल्या बाया घरला गेल्या न्हाईत. भांडान नात्यातलं असलं म्हंजे उठून जाववत न्हाई.

मंगलची लेक उत्कर्षा विश्रामबागेत कालेजात शिकवती. दिवाळीच्या सुटीला आल्याली. तिनं ताडपत्रीखाली हात घालून ढिगातली एक वाकळ वडली आन् मांडीवर घेतली.

"आई, ऐक माझं. आमच्या तिकडं एक हाल हाय. त्यात परदर्शन भरवत्यात. ह्या वाकळा भितीला लावू. लाइट सोडू वरनं. लोक येतील, कवतिक करतील. तुझं नाव खाली लिवतील."

"भितीला थंडी वाजती व्हय?" मंगल म्हनली.

दोघी-तिघी हसल्या. उत्कर्षा बी हसली, पन वाकळ तिनं सोडली न्हाई.

"न्हवं, मी काय म्हनतो," आप्पासो म्हनला, "पोरीचं काय चुकीचं न्हाई. न्हाईतर आपुन दुसरं गाव बघू. नदीकाठी गावं काय कमी हायत?"

"तुमी बोलू नगा," दगडाबाई भावावर घसरली. "निम्मं तर तुमीच केलंय. वैनी, ह्यांनी गाडीला काय बांधलं हुतं, इचारा की."

आप्पासो च्याच्या कपात बघाय लागला.

"काय बांधलं हुतं?" मंगलनं इचारलं.

"फ्लेक्स! दहिवडीतनं छापून आनलेलं. ह्यो एवढा फोटू ह्यांचा, गागल लावून, हात जोडून. आन् खाली कोंबडीच्या अंड्याएवढ्या अक्षरात, 'पूरग्रस्त भगिनींना जुनेराची भेट.' गाडी येशीत शिरायच्या आधी समद्या गावानं वाचलं."

"मंडळाचं नाव नगं का लोकांस्नी कळाय?" आप्पासो म्हनला. "आन् गागल त्या फोटूवाल्यानं घातला. माझा न्हवं त्यो."

ह्यावर मातर मंडप हसला. मंगल हसली न्हाई.

"जुनेर म्हनलं तर त्यात वाईट काय वाटलं?" तिनं इचारलं. आवाज बारीक झालेला. "वन्सं, तुमी ह्याच घरात वाढला. तुमाला जुनेर म्हंजे काय ठावं न्हाई? माझ्या बायांनी अंगावरचं मऊ ते काढून दिलंय."

दगडाबाई खाली बसली. भावाच्या गाडीत बसल्यापास्नं ती ह्याचीच वाट बघत हुती.

"वैनी, पूर उतरला तवा गाड्या आल्या. लांबलांबनं. चांगली मानसं हुती, न्हाई म्हनत न्हाई. कुनी भाकरी दिल्या, कुनी पानी. पन काई गाड्यांनी कापडं आनली. गाडी उभी बी करत न्हवती. वरनंच फेकायची. आमी चिखलात उभ्या आन् वरनं गठुळी पडत्यात. जळकं पाताळ. चेन तुटल्याली विजार. कुनाच्या लग्नातला जरीचा फ्राक. बायकांची आतली कापडं सुदिक फेकली वैनी, आमच्या मानसांच्या म्होरं. शाळंच्या भितीला त्याचा ढीग झाला, पावसात कुजला, त्याच्यावर म्हशी बसायच्या. त्या ढिगाला आमच्यात काय म्हनत्यात? जुनेराचा ढीग. पोरं भांडताना एकामेकाला म्हनत्यात, तू जुनेर, तुझा बा जुनेर."

मंगलनं च्याचा कप बाजूला सारला.

"प्रांजल म्हनली, टाका तिकडं ढिगावर. चार बाया गाडीत चढाया लागल्या, ताडपत्रीचा कोपरा वर झाला. आन् मला वरचीच वाकळ दिसली. निळ्या चौकड्याची. त्यात इस्वाचा सदरा हाय. मी वळिकला. त्यो घालून आला हुता माझ्याकडं, उसाचा रस प्याला." दगडाबाईनं नाक पुसलं. "त्यो म्हशीखाली गेलेला मला बघवला नसता. म्हनून म्हनलं, गाडी फिरवा. आता मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मंगलनं शिव्या दिल्या न्हाईत. तिनं हात लांब केला आन् वन्संच्या गुडघ्यावर ठिवला. पन बोलली ते वेगळंच.

"बैठक बंद. उद्यापास्नं कुनी येऊ नगा. ज्याची त्यानं आपली वाकळ घरला न्ह्यावी."

---

आता समद्या बाया रंगुबाईकडं बघाय लागल्या. म्हातारी खांबाला टेकून तंबाकू मळत हुती. सुनंचं ऐकलं, लेकीचं ऐकलं. आन् ती हसाय लागली. दात नसलेलं हसू, पन खांद्यापास्नं हालत हुती.

"आत्ती, हसताय?" मंगलला राग आला.

"बाया झ्याक हायत ग," रंगुबाई म्हनली. "त्या प्रांजलला बघितलंच पायजे."

"आमची अब्रू गेली आन् तुमाला ती झ्याक वाटती?"

"ऐक. आमी मेंढरं घिऊन किस्नंकाठी जायचो. एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली. तवा हा आप्पा पोटात. मालकिणीनं मला दारात बोलीवलं आन् उंबऱ्यातनं एक लुगडं फेकलं. म्हनली, घे ग धनगरनी, तुला हुईल. लुगडं चांगलं हुतं, बरं का. माझ्या अंगावर हुतं त्यापरास चांगलं."

"मग?"

"मग काय, घेतलं मी. आन् आमच्या एडक्याला नेसवलं. पदर बिदर काढून. दुसऱ्या दिशी रस्त्यानं न्हेला तिच्या दारावरनं. मालकीन पायरीवर. मी म्हनलं, बाई, ह्याला लय खुलून दिसतंय."

मंडप फुटला. उत्कर्षाच्या डोळ्यातनं पानी आलं हसून हसून. आप्पासोनं ही गोष्ट कवाच ऐकली न्हवती. आयनं बापाला घाबरून आयुष्य काढलं, असंच त्याला वाटत आलेलं.

"आजी, मग हाकललं असंल तुमाला?"

"त्याच दिशी. मी म्होरं आन् एडका माझ्या मागं, लुगडं नेसून. म्होरल्या रानात एक बाई भेटली. गरीबच. ती म्हनली, तुझी लोकर दे की ग वाईच, माझ्या म्हाताऱ्याला उशीत भरायची हाय, त्याची मान धरती. फुकाट दिली मी. मग तिनं घरातलं काय दिलं ते घेतलं. तिचं जुनंच धडपं हुतं, त्यात आप्पाला गुंडाळला जन्मल्यावर." रंगुबाईनं तंबाकू तोंडात टाकली. "तिनं माझ्याकडं आधी काय तरी मागितलं, मंगल. त्या दिशी मी त्या रानातनं पाटलिनीवानी चालत गेले."

मंगल उठली, गाडीपशी गेली, दोरीची गाठ सोडली. वाकळा उतरवाय लागली. एकेक करून मंडपात रचल्या.

"आवं," तिनं नवऱ्याला हाक मारली, "सकाळी गाडी काढा. रिकामी. बाया येत्यात, दाभणं आन् दोरा येतोय. दुसरं काय न्हाई."

"आन् फ्लेक्स?" आप्पासोनं इचारलं.

"शेरडांच्या खोपीवर टाका. गळतीया."

---

दगडाबाईच्या घराच्या भितीवर पुराच्या पान्याची रेघ मानसाच्या डोक्याच्या वर हाय. खाली गाळाचा रंग, वर चुन्याचा. त्या भितीला टेकून गावातल्या बाया उभ्या ऱ्हायल्या हुत्या, हाताची घडी घालून. मधी प्रांजल. काखंत लेकरू.

दगडाबाईला कळंना, कुठं उभं ऱ्हायचं. माहेरच्या बाया अंगनात, सासरच्या भितीला. ती मधीच, तुळशीपशी थांबली.

"काल आनलेलं परत आनलं का?" प्रांजल म्हनली.

"न्हाई ग बाय. गाडी रिकामी हाय, बघून ये," मंगल म्हनली. "काल आमचं चुकलं. आमच्यात जुनेर मानाचं. तुमच्यात त्याचं काय झालं ते आमाला ठावं न्हवतं. वन्संनी सांगितलं."

"बरं. मग आज कशापाय आला?"

"मागायला."

बाया एकामेकींकडं बघाय लागल्या.

"काय मागायला?"

"तुमचं जुनेर."

कुनीतरी फिस्सकन हसलं. प्रांजलला वाटलं आपली टर उडवत्यात. "आमचं समदं किस्नामाईनं न्हेलं, मावशी. घर बघून बी कळत न्हाई तुमाला?"

"न्हेलं न्हाई ते द्या. एखादं ऱ्हायलंच असंल. टाकवत न्हाई आन् नेसवत बी न्हाई, असलं."

प्रांजलनं लेकरू शेजारनीकडं दिलं आन् तरातरा समोरच्या आपल्या घरात गेली. आली तवा हातात एक इरकली लुगडं. सासूचं हुतं. पुरात म्हातारीला होडीत घातली तवा तिच्या अंगावर ह्येच हुतं, आन् म्हातारी काय पुन्यांदा घरात आली न्हाई, नुस्तं लुगडं आलं. गाळ सुतात मुरल्याला. कितींदा धुतलं तरी तांबडं पानी निघायचं.

ते तिनं मंगलच्या म्होरं धरलं. दिलं न्हाई, नुस्तं धरलं.

"घ्या. वास येतोय ह्याला नदीचा. घेता का?"

दगडाबाईचा हात तुळशीच्या कट्ट्यावर गच्च.

मंगलनं दोन्ही हातांनी घेतलं. नाकाला लावलं. डोळं मिटून वास घेतला, सावकाश.

"पोरी," ती म्हनली, "आमच्या माणात पान्याचा वास कुठला? ह्ये लुगडं गावात न्हेलं तर वास घ्यायला जत्रा भरंल."

प्रांजलचं तोंड आधी तसंच ऱ्हायलं. मग ओठ हालला. मग ती हसली, आन् हसता हसताच मटकन खाली बसून तोंडावर पदर घिऊन रडली. पूर आला तवापास्नं कुनी तिला रडताना बघितलं न्हवतं. मंगल तिच्या शेजारी बसली. समजूत काढली न्हाई. तिला ठावं हुतं, इस्वजित गेल्यावर तिची जवा कुनी समजूत काढायचं तवा तिला उठून जावं वाटायचं. तिनं दाभणीत दोरा ववला आन् प्रांजलच्या हातात दिली.

मग भितीची एकेक बाई हालली. कुनी शाळंचा निळा झंपर आनला, कुनी बापाचं धोतर, एकीनं नुस्ती एक बाही. माणाच्या बायांनी दोऱ्या-दाभणाच्या आपल्या कापडी पिसव्याच उसवल्या, जुनेराच्याच हुत्या त्या. अंगनात वाकळ पसरली. आन् टाका घालायला बसल्या बसल्या भांडान सुरू झालं.

"कडंनं मधी यायचं असतंय!"

"आमच्यात आडवं शिवत्यात."

"आडवं शिवून आडवंच फाटतंय, मावशी."

"टाका बघ केवढा घालतीया! ह्यातनं तुझं लेकरू भाईर येईल!"

दगडाबाई तुळशीपास्नं उठली आन् बराबर मधी जाऊन बसली. दोन्हीकडच्या शिव्या खायला तीच हुती, आन् तिला लय बरं वाटत हुतं. पल्याड आप्पासो गाडीला टेकून हुता. त्याला कुनी इचारत न्हवतं. छाती फुगली हुती त्याची, आन् फोटू काढायला कोन न्हवतं.

ऊन कलतीला वाकळ झाली. अर्धी नदीच्या रंगाची, अर्धी माळाच्या. मंगलनं घडी घातली आन् प्रांजलकडं सारली. "ठिव. तुझ्या सासूची हाय."

प्रांजलनं माघारी सारली. "न्हाई मावशी. ही आमी देनार."

"कुनाला?"

"गावाभाईर ऊसतोडीच्या टोळीनं खोप घातलीया. परवाच्या दिशी एक बाळंत झाली, फडातच." तिनं लेकराला काखंत मारलं. "आमी बी देऊ शकतो की न्हाई?"

"का न्हाई ग? तू म्होरं चल," मंगल म्हनली. "आमी तुझ्या मागं."

खोपीत ती बाई पाल्यावर बसली हुती, पोर पदरात. एवढ्या बाया बघून तिनं पोर आनखी जवळ घेतलं. प्रांजल वाकळ म्होरं करनार, तेवढ्यात थांबली. मग खाली उकिडवी बसली.

"ताई, वाकळ शिवलीया आमी. पन अजून पुरी न्हाई. तुझ्यातलं कायतरी लावायचं हाय."

"माझ्याकडं काय हाय?" बाई म्हनली. हिकडं तिकडं बघितलं. एक घागर, एक परात, एक कोयता. तिचं डोळं कोयत्यावर थांबलं. मुठीला चिंधी गुंडाळल्याली, घामानं काळी पडल्याली. तिनं कोयता वडून घेतला आन् चिंधी सोडाय लागली. "आईच्या लुगड्याचं हाय. हाताला फोड येतोय म्हनून बांधून दिलं तिनं."

"मग मूठ उघडी पडली की," मंगल म्हनली. तिनं आपल्या पाताळाचा काठ दातानं तोडला, टर्रकन पट्टी फाडली आन् कोयत्याला गुंडाळून गाठ मारली. बाईनं मूठ धरून बघितली. मान हालवली.

प्रांजलनं चिंधी घेतली, पायावर घासून सरळ केली आन् वाकळंच्या कोपऱ्यात लावून पहिला टाका घातला.

"आवं ताई," खोपीतली बाई म्हनली. आवाज बारीक, पन ताठ. "कोपऱ्यात कशाला? मधी लावा."

प्रांजलनं दातानं दोरा तोडला, टाका उसवला आन् चिंधी बराबर मधी ठिवली.